सिंह झोपलाय? मग थांबा

सफारीवर निघालेल्या ओळखीच्या माणसांना मी आधी एकच विचारते: प्राणी मोजायचेत की बघायचेत? मोजायचे असतील तर माझा काही उपयोग नाही. टांझानियातल्या सेरेंगेटीत किंवा केनियातल्या मसाई मारात कुठल्याही बऱ्या गाइडच्या गाडीत दोन-तीन दिवस बसलात तरी सिंह, हत्ती, जिराफ, झेब्रे सगळे दिसून जातील. बघायचे असतील तर मात्र तयारी लागते, आणि त्यातली बरीचशी तयारी नुसतं बसून राहण्याची असते.

लोकांच्या डोक्यात ‘बिग फाइव्ह’ पक्कं बसलेलं असतं. ती यादी पर्यटकांची नाहीच, शिकाऱ्यांची आहे. पायी शिकार करायला सगळ्यात धोक्याचे पाच प्राणी त्यांनी निवडले: सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि केप म्हैस. त्यात चित्ता नाही, रानकुत्रा नाही, तरस नाही. म्हणजे भर दिवसा डोळ्यांदेखत काहीतरी करून दाखवणारा चित्ताच यादीबाहेर, आणि जिच्याकडे बघून दहा मिनिटांत माणूस जांभई देतो ती म्हैस आत. यादी घरीच ठेवा.

मी कॅमेरा नेत नाही. भाचा नेतो. त्याच्या लेन्सची पिशवी गाडीत एका माणसाची जागा अडवते, आणि संध्याकाळी तो फोटो दाखवतो तेव्हा मला सिंहिणीच्या मिशा मोजता येतात, पण ती कुणाकडे बघत होती हे त्यात नसतं. कॅमेऱ्याशी माझं वैर नाही, फक्त दुर्बीण आधी. ८×४२ ची, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, पुरते. त्याहून जास्त पटींची घेतली की हाताचा प्रत्येक कंप चित्रात दिसतो. आणि ती माणशी एक हवी. नवरा-बायकोत एक दुर्बीण म्हणजे नेमका बिबट्या झाडावरून उतरत असताना भांडण.

गाइडशी पहिल्याच संध्याकाळी बोला

हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि बहुतेक जण हेच करत नाहीत. गाइडच्या अनुभवातले पर्यटक घाईचे असतात. सिंह झोपलेला दिसला की दोन मिनिटांत ‘नेक्स्ट’ म्हणतात, आणि दिवसाअखेर किती प्राणी झाले यावर टिप ठरवतात. म्हणून तो बिचारा गाइडांच्या आपसातल्या रेडिओवर कान लावून एका गर्दीतून दुसऱ्या गर्दीत गाडी पळवत राहतो. त्याला स्पष्ट सांगा की आम्हाला यादी पुरी करायची नाही, रेडिओवर काही आलं तरी प्रत्येक वेळी धावायचं नाही, कुठलाही प्राणी दिसला की इंजिन बंद करायचं. हे ऐकल्यावर गाइडचा चेहरा खुलतो. त्यांच्यातले बरेच जण याच भागात लहानाचे मोठे झालेले असतात आणि त्यांना जे माहीत असतं त्यातलं कुणी फारसं विचारतच नाही.

गाडी ठरवतानाच गाइडची पातळी विचारा. केनियात सफारी गाइडांच्या व्यावसायिक संघटनेच्या परीक्षा असतात: ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड. सिल्व्हरचा गाइड मिळाला तर हॉटेलची खोली थोडी कमी भारी घेऊन तो पैसा तिकडे वळवा. प्रत्येकाला खिडकी मिळेल एवढीच माणसं गाडीत असू देत.

न्याहारी डब्यात बांधून मागा. कॅम्पवर परत येऊन न्याहारी करणारा माणूस सकाळचे सगळ्यात चांगले दोन तास टोस्टवर घालवतो. पहाटे फाटक उघडतं तेव्हा आपली गाडी तिथे असली पाहिजे. थंडी असते, हे आधी सांगूनही कुणाला पटत नाही. टांझानियातल्या न्गोरोंगोरोच्या ज्वालामुखी विवराची कड समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० मीटरवर आहे, आणि जून-जुलैत, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगरच्या उघड्या गाडीत कानटोपी नसेल तर डोळ्यांतून पाणी येतं. कपडे खाकी, मातकट रंगाचे. गडद निळा आणि काळा नको, चावरी त्से-त्से माशी त्या रंगांवर येते. टांझानियातल्या तारांगिरेत झाडांना निळी-काळी फडकी टांगलेली दिसतात ती या माश्यांसाठी लावलेल्या सापळ्यांची.

बायकांनी पाणी कमी पिऊन दिवस काढायची गरज नाही. गाइडला सांगितलं की तो मोकळी जागा बघून, चहूकडे नजर टाकून गाडी उभी करतो. गाडीच्या मागे जायचं, झुडपामागे नाही. झुडपामागची जागा आधीच कुणी घेतलेली असू शकते.

कुठे आणि कधी

एकाच सहलीत पाच ठिकाणं करू नका. एकाच ठिकाणी चार रात्री राहिलात तर तिसऱ्या दिवशी तोच सिंहांचा कळप ओळखीचा होतो, आणि मग खरी गंमत सुरू होते.

नुसते मार्जारकुळातले प्राणी बघायचे तर सेरेंगेटीचं सेरोनेरा खोरं आणि मसाई मारा ही सगळ्यात खात्रीची ठिकाणं. जानेवारीअखेर ते मार्च या काळात लाखो विल्डबीस्ट (गाईसारखी दिसणारी मोठी हरणं) सेरेंगेटीच्या दक्षिणेला नडुटूच्या आखूड गवतात वितात, तेव्हा चित्ते तिथे. जुलैअखेर ते ऑक्टोबर हे कळप उत्तरेला मारा नदीच्या आसपास असतात. मारात २०२४ पासून परदेशी माणसाला दिवसाला जानेवारी ते जून १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर प्रवेशशुल्क आहे. या कळपांचा नदी ओलांडण्याचा तमाशा बघायचाच नसेल तर फेब्रुवारीत जा. सिंह स्थलांतर करत नाहीत, ते तिथेच असतात, आणि गाड्या कितीतरी कमी. मारालगतच्या नाबोइशो, मारा नॉर्थसारख्या कॉन्झर्व्हन्सींमध्ये, म्हणजे खासगी संरक्षित भागांत, गाड्यांची संख्या मर्यादित असते आणि रात्रीची फेरीही करता येते. महाग पडतात, पण मला विचाराल तर दोन रात्री तिथे घालवाव्यात.

न्गोरोंगोरोचं विवर सुमारे २६० चौरस किलोमीटरचं, त्यात काळा गेंडा दिसण्याची बरी शक्यता. जिराफ मात्र तिथे नाही, शोधत बसू नका. ज्यांची पाठ धक्के सहन करत नाही त्यांच्यासाठी नामिबियाचं एतोशा: ओकाउकुएयो कॅम्पच्या पाणवठ्यावर रात्रभर दिवे असतात, आपण कुंपणाच्या आत बाकावर बसायचं आणि गेंडे पाण्यावर येतात. क्रूगरमध्ये स्वतः गाडी चालवता येते. डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि मातीच्या रस्त्यावर ४० किलोमीटरची मर्यादा आहे, पण बघायचं असेल तर २० ते २५ नेच चालवा. स्कुकुझा ते लोअर साबी या कॅम्पांमधला नदीकाठचा रस्ता बिबट्यासाठी, तिथल्याच सातारा नावाच्या कॅम्पजवळचा एस-१०० हा रस्ता सिंहांसाठी. कॅम्पमधल्या फलकावर लोकांनी प्राण्यांचे रंगीत ठिपके लावलेले असतात. ते कालचे असतात. बिबट्या काही तुमची वाट बघत तिथे थांबत नाही.

मी आणखी एक गोष्ट बघते: पंचांग. चांदण्या रात्री सिंहांना शिकार कमी साधते, अंधाऱ्या रात्री चांगली. सेरेंगेटीत १९६६ साली प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर यांनी सिंहांचा जो अभ्यास सुरू केला तो पुढे अनेक दशकं चालला, आणि त्यात सिंहांची पोटं किती भरलेली आहेत याच्याही नोंदी ठेवल्या गेल्या. पौर्णिमेच्या आसपास पोटं रिकामी असण्याचं प्रमाण जास्त. म्हणून पौर्णिमेनंतरचे दिवस मिळाले तर मी खूश असते, भुकेला सिंह दिवसाही हालचाल करतो. अमावास्येला जाल तर तृप्त, आडवे पडलेले सिंह बघण्याची मनाची तयारी ठेवा.

नजर कशी फिरवायची

डावीकडून उजवीकडे वाचायची सवय असल्यामुळे डोळे त्या दिशेने घसरतात. उजवीकडून डावीकडे बघा, नजर आपोआप अडखळते आणि तपशील दिसतात. आधी जवळचा पट्टा, मग मधला, मग लांबचा. पूर्ण प्राणी शोधू नका. उभ्या खोडांच्या गर्दीत एक आडवी रेघ, गवतावर दोन गोल कानांची टोकं, फांदीवरून सरळ खाली लोंबणारी शेपटी, एवढंच मिळतं. झुडपाकडे बघण्याऐवजी झुडपाच्या आरपार, आतल्या सावलीत बघा. आणि गाडी पुढे गेल्यावर एकदा मागे वळून बघा.

त्याहून सोपं म्हणजे दुसरे कुठे बघतायत ते बघणं. जिराफाची मान सगळ्यात उंच. तीन जिराफ खाणं थांबवून एकाच दिशेला टक लावून उभे असतील तर मी गाडी वळवायला सांगते. इम्पाला हरणं फुरफुरतात, झेब्रे भुंकल्यासारखा आवाज काढतात, बबून खाकरल्यासारखे ओरडतात. व्हर्व्हेट माकडं तर बातमी तपशीलवार देतात: बिबट्यासाठी वेगळा आवाज, गरुडासाठी वेगळा, सापासाठी वेगळा. केनियातल्या अंबोसेलीत संशोधकांनी हे आवाज ध्वनिमुद्रित करून माकडांना परत ऐकवले, १९८० साली ते प्रसिद्ध झालं. बिबट्याचा आवाज ऐकला की माकडं झाडावर पळाली, गरुडाचा ऐकला की वर बघायला लागली, सापाचा ऐकला की मागच्या पायांवर उभं राहून गवतात बघायला लागली. म्हणून नुसतं माकड ओरडलं म्हणून उत्साहाने बिबट्या शोधायला लागू नका. माकड कुठे बघतंय ते आधी बघा.

गिधाडांबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज. आकाशात घिरट्या घालणारी गिधाडं म्हणजे काहीच नाही, ती वर चढणाऱ्या गरम हवेवर तरंगत असतात. पाय खाली सोडून, तिरकी, वेगाने उतरणारी गिधाडं म्हणजे खाली काहीतरी मेलेलं आहे. उतरून झाडावर बसली आणि खाली जात नाहीत, तर मेलेल्या प्राण्यापाशी अजून मालक बसलेला आहे: तिकडे चला. सकाळी सात वाजता झाडभर बसलेली गिधाडं मात्र रात्रीपासूनच तिथे असतात, हवा तापल्याशिवाय त्यांना उडायचं नसतं.

सिंह

सिंह दिवसाचे वीस तासांपर्यंत लोळतो हे खरंच आहे. पण झोपेझोपेत फरक असतो. आधी पोट बघा. बरगड्यांच्या मागे खळगा पडला असेल तर थांबण्यात अर्थ आहे. पोट जमिनीवर पसरलं असेल आणि दुपारचे बारा वाजले असतील तर खुशाल जेवून या.

ऊन उतरायच्या वेळेला मी काही झालं तरी सिंहांपाशी असते. एक जांभई देते, मग दुसरी. एक उठून आळस देते, शेजारणीच्या डोक्याला डोकं घासते, चार पावलं जाऊन पुन्हा पडते. नवखे इथे कंटाळून निघतात. जांभया वाढत गेल्या, कुणी विष्ठा टाकली, पिल्लं आईच्या मागे लागली, की कळप निघायच्या बेतात आहे. मग सगळ्या एका दिशेला बघायला लागतात, आणि तिकडे बघितलं की त्यांना दिसलेलं आपल्यालाही दिसतं. नर शेवटी उठतो.

नर-मादी दोघंच कळपापासून लांब बसलेली दिसली तर घड्याळ लावून थांबा. माजाच्या दिवसांत त्यांचं मीलन दिवसरात्र साधारण दर वीस-पंचवीस मिनिटांनी होतं, आणि हे काही दिवस चालतं. म्हणजे तुम्ही निघून गेलात तेवढ्यात ते झालंच म्हणून समजा.

सेरेंगेटीत सिंबा कॉपीज, मोरू कॉपीज अशी ग्रॅनाइटच्या खडकांची टेकाडं आहेत. सकाळच्या कोवळ्या उन्हात दुर्बिणीने खडकांच्या माथ्याची रेघ बघत जा. खडकाला कान फुटलेले दिसतील.

बिबट्या

सेरोनेरात नदीकाठची सॉसेज ट्री आणि पिवळ्या सालीच्या बाभळी. आडव्या, जाड फांद्या तेवढ्या तपासायच्या. फांदीवर अडकवलेली शिकार दिसली आणि बिबट्या नसेल तरी हलू नका, तो जवळच सावलीत असतो. शिकार अर्धीच खाल्लेली असेल तर तो येणारच. बिबट्या चालताना शेपटीचं पांढरं टोक वर उचललेलं असेल तर तो शिकारीवर नाही, हरणांनी आपल्याला पाहिलंय हे त्याला कळलेलं आहे. शेपटी खाली गेली, अंग गवताला टेकलं, की श्वास रोखा आणि गाइडला इंजिनला हात लावू देऊ नका. रात्री तंबूत करवतीने लाकूड कापल्यासारखा खरखर आवाज ऐकू आला तर तो बिबट्याच. सकाळी त्याच बाजूने सुरुवात करा.

चित्ता

माझा सगळ्यात आवडता, म्हणून इथे थोडी जास्त कडक होते.

चित्ता दिवसा शिकार करतो, कारण रात्र सिंहांची आणि तरसांची असते आणि त्यांच्यापुढे त्याचं काही चालत नाही. त्यामुळे सकाळी उशिरापर्यंत मैदानात थांबा, बाकीच्या गाड्या तोवर परत गेलेल्या असतात. वारुळं तपासा, त्यावर बसून तो टेहळणी करतो. डोकं खांद्याच्या रेषेत खाली आलं आणि चाल हळू, ताठ झाली की त्याने सावज निवडलंय. या वेळी गाडी जिथे आहे तिथेच राहिली पाहिजे. चित्ता आणि हरणं यांच्या मधल्या जागेत गाडी घालणारे महाभाग असतात. आपली गाडी त्यात नको, एवढं तुमच्या हातात आहे. शिकार झाल्यावर तो धापा टाकत बराच वेळ, कधी अर्धा तासही, नुसता बसतो. तेव्हा लगेच जवळ गेलात तर तो खाणं सोडून आजूबाजूला बघत राहतो, आणि त्या वेळात तरस येऊन शिकार नेतो.

हे माझं भावनिक बोलणं नाही. मारात झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं की पर्यटकांच्या गाड्या जास्त असलेल्या भागात चित्त्याच्या मादीची एका वेतातली सरासरी ०.२ पिल्लं मोठी होतात, कमी गाड्यांच्या भागात २.३. चित्ता गाडीच्या टपावर चढला तर फोटो भारी येतो, पण त्याला तशी सवय लावणारा गाइड मला चालत नाही. चढलाच तर हलू नका, हात लावू नका, आपणहून उतरेल.

बाकीचे

तरसाला आयतोबा म्हणणाऱ्यांनी न्गोरोंगोरोत एक सकाळ घालवावी. १९६०च्या दशकात प्राणिशास्त्रज्ञ हान्स क्रूक यांनी तिथे रात्री जागून दाखवून दिलं की तरस आपली बहुतेक शिकार स्वतः करतात, आणि अनेकदा सिंहच त्यांच्याकडून ती हिसकावतात. सकाळी सिंह खातायत आणि तरस लांब उभे आहेत, एवढ्यावरून शिकार कुणी केली ते ठरवू नका.

रानकुत्रे बघायचे तर बोत्सवानातलं मोरेमी. दुपारी सगळे सावलीत ढीग करून पडलेले असतात. ऊन कललं की उठून एकमेकांना चाटतात, शेपट्या हलवतात, आणि मग शिंका सुरू होतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासानुसार ही शिकारीला निघायची मतमोजणी आहे: म्होरक्याने पुढाकार घेतला तर तीनेक शिंकांत कळप निघतो, खालच्या दर्जाच्या कुत्र्याने घेतला तर दहाएक लागतात. आपल्याकडे निघताना कुणी शिंकलं की थांबतात, यांचं नेमकं उलटं. शिंका वाढल्या की गाइडला गाडी सुरू करायला सांगा, कारण एकदा पळाले की सापडत नाहीत.

हत्ती दिसायला सोपा आणि समजायला अवघड. कान पसरून, धूळ उडवून, ओरडत येणारा हत्ती बहुतेक वेळा धमकावत असतो. कान मागे, सोंड आत वळवलेली आणि आवाज नाही, तर तो धमकी देत नाहीये. नराच्या डोळा-कानाच्या मधून ओघळ वाहत असेल आणि मागचे पाय लघवीने ओले असतील तर तो माजावर आलेला आहे. त्याला रस्ता द्या, फोटो लांबून काढा. हत्तिणी आणि पिल्लू यांच्या मधे गाडी कधीच नको.

मारा नदीवर विल्डबीस्टांची वाट बघायची तर काठापासून बरंच मागे, कळपाच्या वाटेतून बाजूला थांबा, पहिली जनावरं पाण्यात उतरेपर्यंत. कळप तासन्‌तास काठावर गर्दी करतो आणि एखादा झेब्रा बिचकला की सगळा मागे फिरतो. पुस्तक न्या.

गाडीतलं वागणं

पूर्व आफ्रिकेतल्या लँड क्रूझरचं छप्पर वर उचलतं, तिथे उभं राहून बघता येतं. दक्षिणेकडच्या उघड्या गाड्यांत उभं राहायचं नाही. प्राण्यांना गाडी आणि माणसं मिळून एकच आकार दिसतो, उभा माणूस त्या आकाराबाहेर येतो. बोलणं कुजबुजत, कॅमेऱ्याचे बीप बंद, फ्लॅश बंद. मारात शिकारी प्राण्याभोवती एका वेळी पाचच गाड्या, अंतर किमान २५ मीटर, आणि मागे गाड्या खोळंबल्या असतील तर दहा मिनिटांत जागा सोडायची. हे नियम सगळेच पाळतात असं नाही. गाइड पाळत असेल आणि गाडीतलं कुणी ‘अजून जवळ घ्या’ म्हणत असेल तर गाइडची बाजू घ्या. टिप जाईल या भीतीने त्याला नाही म्हणता येत नाही, तुम्हाला येतं.

रेडिओवरच्या स्वाहिली बोलण्यात सिम्बा म्हणजे सिंह, चुई बिबट्या, डुमा चित्ता, फिसी तरस. एवढं कळलं तरी बरंच कळतं, मात्र पर्यटकांना कळू नये म्हणून गाइड टोपणनावंही वापरतात. पिल्लांसकट एकटी बिबट्याची मादी किंवा चित्तीण सापडली तर रेडिओवर सांगू नका, अशी विनंती मी गाइडला करते. काही ऐकतात. जे ऐकत नाहीत, त्यांना मी तिथून लगेच निघायला सांगते आणि पुढच्या वळणावर जिराफ बघत बसते.